फोरमनचा दाखला

४ मार्च, दुकानातून

टिटवे,

कानांची तपासणी फुकट आहे असं चौकात आलेल्या दवाखान्याच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. ती मला काय पडली ते ऐक. एक अख्खी सकाळ. एक जुनं गिऱ्हाईक, जे माझं दार बंद बघून समोरच्याकडे गेलं आणि अजून तिथेच रमलंय. इस्त्रीचा सदरा, त्याला गाडीच्या पायरीचं ग्रीस लागलं. आणि त्या ग्रीसपायी तुझ्या मामीचा अबोला, पण तो दुसऱ्याच संध्याकाळी सुटला, म्हणून स्वस्तात धरू. एवढं देऊन हाती काय आलं? एक कागद, की मला ऐकू येत नाही.

मला!

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तू मध्येच शहाणपणा करणार नाहीस. त्या मोठ्या इस्पितळाचे पंखे, पंप, हवा ओढणारी यंत्रं, या सगळ्यांच्या मोटरी आपल्याकडे येतात हे तुला ठाऊक आहे. मोटर जळून येते, पोरं तिच्यात नवी तार भरतात, बेअरिंग बसवतात, मग ती लोखंडी टेबलावर ठेवून माझ्यासमोर चालू करतात. मी ऐकतो. पसंत पडली तर तिच्या पाठीवर खडूने बरोबरची खूण. त्या खुणेनंतर कोणी काही विचारत नाही. एका खोलीत एका पान्ह्यावर धंदा मांडला तेव्हापासून आजवर माझ्या खुणेची एकही मोटर परत आलेली नाही. हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. हे घे, इथेच दिलं.

तर आता इस्पितळात नवा इंजिनिअर आलाय. चष्मेवाला, पोरगेला, बोलायला गोड. म्हणतो, "मामा, नियम झालाय. जो माणूस कानाने मोटर पास करतो, त्याचा ऐकण्याचा दाखला लागेल. नसेल तर थरथर मोजणारं यंत्र घ्यायचं आणि खडू बाजूला ठेवायचा."

म्हणून गेलो त्या गाडीत. आत कपाटाएवढी खोली, कानांवर टोपणं, हातात बटण. बाहेर काचेमागे एक मुलगी. आवाज आला की दाबा म्हणाली. मी दाबत होतो. मध्येच म्हणते, "काका, आत्ता मी काही वाजवलंच नव्हतं."

"मग तू काय करत होतीस?"

"मध्ये मध्ये शांतता द्यावी लागते. बघायला."

"म्हणजे फसवत होतीस."

"फसवत नाही हो, तपासत होते."

यात फरक काय, ते तुमच्या शास्त्रात लिहिलं असेल तर कळव. शेवटी कागद हातात देत म्हणाली, "खालचे आवाज बरे आहेत. चार हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ काहीच नाही. कारखान्यात काम करता का?" "नाही, बासरी वाजवतो," मी म्हटलं. तिने तेही लिहून घेतलं.

अगं, मी दाराजवळच्या खुर्चीवर बसून कुठलं बेअरिंग तीन महिन्यांनी मरणार ते सांगतो! फोरमनला विचार. फोरमन म्हणजे तो कुत्रा, मागे तू आलीस तेव्हा तुझी चप्पल पळवणारा. आता म्हातारा झालाय, दिवसभर त्या टेबलाच्या पायाशी पडून असतो. खराब बेअरिंग त्यालाही सोसत नाही, उठून दाराबाहेर जातो. आम्हा दोघांचे कान एकाच मापाचे.

तू माणसांचे आणि जनावरांचे कान मोजण्यावर पगार घेतेस. तेव्हा यंत्र खोटं बोलतं असं तुझ्या सहीशिक्क्याने लिहून पाठव. खडू माझा आहे. तो मी कोणाच्या सांगण्यावरून खाली ठेवणार नाही.

मामा


१२ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, बसून वाचण्यासारखं नव्हतंच ते.

यंत्र खोटं बोलत नाही. त्या मुलीने तुला फसवलंही नाही. आम्ही जे शोधतो त्याला ऐकण्याचा उंबरठा म्हणतात. आवाज कमी कमी करत जायचं. एक जागा अशी येते की दहादा वाजवला तर पाचदा कळतो आणि पाचदा निसटतो. तो उंबरठा. अलीकडे घर, पलीकडे अंगण. तुझ्यासारखी माणसं अंगणात उभी राहून घरात असल्याचं सांगतात, म्हणून मध्ये शांतता द्यावी लागते. शांततेतही बटण दाबलं की माणूस अंदाजाने दाबतोय हे कळतं.

आणि मामा, आयुष्यभर मोटरींच्या किंचाळण्यात उभा राहणाऱ्याचे वरचे आवाजच आधी जातात. यात लाज काय? मी तुला कानांत घालायचे बोळे दोनदा पाठवले होते. मामी म्हणते, एक जोडी खिडकीच्या फटीत बसवली आहेस.

आता माझी बातमी. सध्या आमच्याकडे कुत्र्यांचे उंबरठे मोजणं चाललंय. माणसाला तरुणपणी वीस हजारांपर्यंतचे आवाज कळतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचे. कुत्र्याला बटण कसं देणार? म्हणून त्याला शिकवतो, आवाज आला की समोरच्या पाटीला नाक लाव, खाऊ मिळेल. आमच्यात एक तपकिरी कुत्रा आहे, त्याला सगळे पंडित म्हणतात. पंडितला इतका बारीक आवाज ऐकू येतो की तसा आजवर कुठल्या कुत्र्याचा नोंदलेला आम्हाला सापडला नाही. शांततेत तो एकदाही नाक लावत नाही. चुकतच नाही! आवाज आपोआप वाजवणारं यंत्र दुरुस्तीला गेलंय, म्हणून मीच काचेमागे बसून कळ दाबते, आणि तरीही निकाल असा. मोठे सर एवढे खूश आहेत की मला त्यांनी स्वतःहून चहा विचारला. शोधनिबंध लिहून तयार आहे, माझं नाव पहिलं.

तू इकडे ये. आमच्या खोलीत नीट मोजू. खोटा दाखला मात्र माझ्याकडून मिळणार नाही, मामाला तर नाहीच नाही.

तुझी टिटवी


१८ मार्च

टिटवे,

बरं झालं बाई, तू शिकलीस. नाहीतर लहानपणी रडलीस की चार घरांपलीकडची माणसं दारं लावायची. तेव्हा तुझं मोजमाप कोणी केलं असतं तर यंत्रच बंद पडलं असतं.

दाखला देऊ नकोस. राहू दे. पण फुकट सल्ला घे, माझा सल्ला खरोखर फुकट असतो.

तुझा पंडित ऐकत नाही. बघतो.

कोणाला म्हणून काय विचारतेस, तुला! काचेतून तू त्याला दिसतेस ना? कळ दाबायच्या आधी तू काय करतेस ते तुला माहीत नाही, मला इथून दिसतंय. तू लहानपणी लपाछपीत लपलीस की श्वास रोखून खांदे वर घ्यायचीस, म्हणून पहिली सापडायचीस. आजही घेत असशील. कुत्र्याला खाऊ हवाय. तुझे खांदे वर गेले की नाक पाटीला. शांतता द्यायच्या वेळी तुला काही दाबायचंच नसतं, म्हणून खांदेही जागच्या जागी. तो कशाला चुकेल? धंद्यात हेच पहिलं शिकावं लागतं. गिऱ्हाईक तोंडाने "महाग आहे" म्हणतं, पण हात पिशवीचा बंद सोडत असतो. मी तोंड कधी ऐकलंच नाही.

काचेवर टॉवेल टाक आणि मग मोज. निबंध त्यानंतर पाठव.

इकडचं सांगतो. चष्मेवाला पुन्हा आला होता. मी म्हटलं, "साहेब, दाखला नाही आणि खडूही खाली ठेवणार नाही. तुमचं यंत्र आणा. पाच मोटरी मांडा. एकीत तुमचा माणूस खराब बेअरिंग बसवेल, कुठलीत ते तो आपल्या दोघांनाही सांगणार नाही. तुम्ही यंत्राने शोधा, मी कानाने शोधतो. सगळ्या गल्लीसमोर."

तो म्हणाला, "आणि तुम्ही हरलात तर?"

"तर खडू तुमच्या पोराला पाटीवर लिहायला देईन."

"मला पोर नाही."

"होईल तेव्हा देईन. घाई कोणाला आहे?"

हसला, पण कबूल झाला. पुढच्या महिन्यातला शनिवार ठरलाय. मामी म्हणते, मी हरलो तर बरं, निदान टीव्हीचा आवाज कमी होईल. घरात असे शत्रू असताना माणसाने बाहेर कशाला लढावं?

मामा


२ एप्रिल

मामा,

टॉवेल टाकला.

पंडित साधा कुत्रा निघाला. चांगला, कामसू, अगदी चारचौघांसारखा कुत्रा. पहिल्या दिवशी तो आवाज सोडून नुसता टॉवेलकडे बघत बसला आणि मग माझ्यावर भुंकला, जणू मीच त्याचा गळा कापला. मोठ्या सरांनी माझी पाहणी करायला दुसऱ्या मुलीला बसवलं. ती म्हणाली, "ताई, तू दाबायच्या आधी खांदे वर घेतेस." सगळ्यांसमोर म्हणाली.

निबंध मागे घेतला. सर माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. चहाचं तर नावच नको. यंत्र दुरुस्त होऊन आलंय, आता कळ तेच दाबतं, आणि सगळी मोजमापं पहिल्यापासून चालू आहेत. तुझं मी ऐकलं नसतं तर नंतर भरसभेत फजिती झाली असती. म्हणून आभार. चिडले पण आहे, तेही लिहून ठेवते.

पण मामा, मला एक झोंबलंय. तू शंभर कोस लांब बसून ओळखलंस की माझा कुत्रा ऐकत नाही, बघतो. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. तू कोणाकडे बघतोस?

तुझं ते पहिलं पत्र मी पुन्हा वाचलं. फोरमन टेबलाच्या पायाशी असतो. खराब बेअरिंग असलं की उठून बाहेर जातो. बेअरिंग बिघडायला लागतं तेव्हा त्याची पहिली किंचाळी माणसाच्या कानांच्या फार वर असते. तुझ्याच नाही, माझ्याही. कुत्र्याला मात्र ती ऐकू यावी. तुला चार हजारांच्या वर काही कळत नाही, हे कागदावर आहे. मग तुझी खूण बरोबर येते कशी?

स्पर्धेच्या दिवशी फोरमनला मामीकडे घरी ठेव. तू जिंकलास तर मी दाखला स्वतः घेऊन येईन, पायी. मी टॉवेल टाकला, मामा. आता तू टाक.

टिटवी


६ एप्रिल

टिटवे,

पत्र मिळालं.

कुत्रा त्याच्या जागेवरच बसेल. ज्या जागी तो इतकी वर्षं बसला तिथून त्याला तुझ्या शंकेपायी उठवणार नाही. कुत्र्याच्या कानांवर जगलेला माणूस म्हणतेस मला! हाच मामा तुझ्या शिक्षणाच्या वेळी दिवसरात्र मोटरी भरत होता, तेव्हा कोणी दाखला मागितला नाही.

स्पर्धा शनिवारी आहे. मामीने तुझ्यासाठी टॉवेल दिलाय, जाड आहे. पुढच्या पंडिताला उपयोगी पडेल.

मामा


२१ एप्रिल

टिटवे,

जिंकलो.

सगळी गल्ली जमली होती. लेथवाला, पाट्या रंगवणारा, पंक्चरवाला, चहावाला किटली घेऊनच आला. चष्मेवाल्याचं यंत्र साबणाच्या वडीएवढं, लोहचुंबकाने मोटरीला चिकटतं. त्याने दोरी लावल्यासारखी तार लावली, आकडे बघितले, कागदावर मांडले. मी नुसता उभा. पहिली चालू केली, ठीक. दुसरी, ठीक. तिसरी चालू झाली आणि मी खडूने तिच्या पाठीवर फुली मारून मोकळा. तो अजून दुसरीचेच आकडे लिहीत होता! शेवटी त्याच्या यंत्रानेही तिसरीच सांगितली. लेथवाला ओरडला, "साहेब, यंत्राला चार दिवस मामाकडे शिकायला ठेवा!" चहावाल्याने सगळ्यांना चहा पाजला आणि त्याचे कप माझ्या नावावर लिहिले.

इथेच पत्र संपवणार होतो. पण तुझी ती ओळ शनिवारपासून डोक्यात माशीसारखी फिरते आहे. तिसरी मोटर चालू झाली तेव्हा फोरमन उठला होता. मी फुली त्यानंतर मारली, का आधी? मला आठवेना. ज्याला सगळं ऐकू येतं त्याला एवढं आठवू नये?

रविवारी दुकान बंद ठेवलं. फोरमनला मामीपाशी सोडलं. लेथवाल्याला बोलावून सांगितलं, त्याच पाच मोटरी उलट्यापालट्या कर, मी पाठ फिरवतो. लांब स्क्रू-ड्रायव्हर एका टोकाने मोटरीला, दुसऱ्या टोकाने कानाला, धंदा मांडला तेव्हाची माझी हीच पद्धत. मन लावून ऐकलं. फुली मारली. चांगल्या मोटरीवर. पुन्हा फिरवल्या. पुन्हा चांगल्याच मोटरीवर. लेथवाला छताकडे बघत म्हणाला, "आज हवा जरा जड आहे." असा मित्र शोधून सापडणार नाही.

तेव्हा ऐक, तुझं खरं आहे. मी फोरमनकडे बघत होतो. कधीपासून, ते देव जाणे. सुरुवातीला माझे स्वतःचे कान होते, मग हळूहळू काम त्याच्याकडे गेलं आणि बढाई माझ्याकडे राहिली.

पण म्हणून खडू खाली ठेवू? का? कुत्रा कोणाचा आहे? त्याला पायाशी जागा कोणी दिली? त्याचं उठणं ओळखायला कोण शिकलं? ज्याच्याकडे काहीच नसतं तो माणूस मिळेल त्याच्या कानाने ऐकतो आणि मिळेल त्याच्या डोळ्याने बघतो, तसाच वर येतो. मी नियम पुन्हा वाचला. 'तपासणाऱ्याचा ऐकण्याचा दाखला' एवढंच लिहिलंय. तपासणाऱ्याला पाय किती असावेत हे कुठेही लिहिलेलं नाही!

सोमवारी चष्मेवाल्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं, रविवारसकट. आणि म्हटलं, "आमच्या दुकानाचा तपासणारा फोरमन आहे. त्याच्या कानांपुढे तुमचं यंत्र झक मारेल. त्याचा दाखला आणतो." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आणा," म्हणाला, "नियमात बसत असेल तर फाईलला लावतो. अशी फाईल माझ्याही नशिबात पुन्हा येणार नाही."

तांब्याची तार आणायला आपला टेम्पो तुझ्याकडे येतोय, त्यात फोरमन बसलेला आहे. पुढच्या सीटवर बसव म्हणून सांगितलंय, मागे त्याला मळमळतं. नीट मोज. काचेवर टॉवेल टाक आणि खांदे खाली ठेव. या शहरातले सर्वांत तिखट कान तुझ्याकडे पाठवतोय.

मामा


९ मे

प्रिय मामा,

फोरमन मजेत आहे, हे आधी सांगते. इथे आल्याच्या दिवशीच त्याने मोठ्या सरांची चप्पल पळवली. सर हसले. माझ्याशी महिनाभरात पहिल्यांदा.

मामा, तू खुर्चीत बसून वाच. फोरमन ठार बहिरा आहे.

त्याला पाटी शिकवायला वेळ नव्हता, आणि या वयात तो माझ्याकडून काही शिकेल असं वाटेना. म्हणून त्याच्या डोक्याला पातळ तारा लावून पाहिलं. कानात आवाज सोडायचा आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते पडद्यावर बघायचं. यात बघणं, खाऊ, खांदे, काहीच आड येत नाही. खालचे आवाज नाहीत. वरचे नाहीत. वाढवत वाढवत इतका मोठा केला की शेजारच्या खोलीतला पंडित भुंकू लागला. फोरमन घोरत होता. सरांनी स्वतः पुन्हा करून पाहिलं. म्हातारपण, आणि तेही तुझ्या दुकानातलं. निदान दोनेक वर्षं तरी त्याला काहीही ऐकू येत नसणार.

मग तिसऱ्या मोटरीला तो उठला कसा, हा प्रश्न मला झोपू देईना. मी इथल्या कारखान्यातून दोन मोटरी मागवल्या, एक चांगली आणि एक बिघडलेली, आणि लोखंडी टेबलावर चढवल्या. फोरमन आल्या आल्या टेबलाच्या पायाशी गेला आणि त्या पायावर हनुवटी टेकून पडला. घरच्यासारखा. चांगली चालू केली, तो झोपलेलाच. बिघडलेली चालू केली, डोळा उघडला, उठला, दाराबाहेर. मग मी त्याच्या हनुवटीखाली मामीच्या टॉवेलची चौपदरी घडी ठेवली. बिघडलेली मोटर चालू आणि साहेब घोरत आहेत. टॉवेल काढला की लगेच उठतो. कितीही वेळा केलं तरी तसंच, आणि कळ दुसऱ्याच खोलीतून दाबलेली.

कळलं ना? बेअरिंगची खरखर टेबलाच्या पायातून त्याच्या जबड्याला लागते. पंडित माझ्याकडे बघत होता, तू फोरमनकडे बघत होतास, आणि फोरमन कोणाकडेच बघत नव्हता. आपल्या सगळ्यांत प्रामाणिक तोच.

दाखला सोबत आहे. सरांनी सही केली आहे. त्यात जे खरं आहे तेच लिहिलंय, तुला फाडायचा असेल तर फाड. पण बोळे पुन्हा पाठवतेय. या वेळी खिडकीत नको, मामा. जे उरलंय ते तरी सांभाळ.

तुझी टिटवी


३० मे

टिटवे,

दाखला फाडला नाही. चौकटीत घालून दाराशी लावलाय, शेजारी माझा त्या गाडीतला कागद. गिऱ्हाईक आत येताना वाचतं: मालकाला कमी ऐकू येतं, फोरमनला अजिबात नाही. आता घासाघीस करायला कोणी थांबत नाही.

मी दोन दिवस तुझं पत्रच पुन्हा पुन्हा वाचत बसलो. मामीला वाटलं, मला तिचं ऐकूच येईनासं झालं. तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं, की या धंद्यात मी एकच गोष्ट कायम पाळली: मधला दलाल नको. तारही मी थेट कारखान्यातून आणतो. आणि इथे टेबल सांगतंय फोरमनला, फोरमन सांगतोय मला! टेम्पोतून परत आलेल्या फोरमनला आदराने बाजूला केलं. तुझे बोळे कानांत घातले, हो, कानांतच. टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकली आणि पोरांना म्हटलं, चालू करा.

पोरं इतकी हसली की एकाच्या हातून वाटीभर स्क्रू सांडले. पहिले काही दिवस मला माझ्या दातांशिवाय काही कळलं नाही. मग कळायला लागलं. चांगली मोटर दाढांत दुधासारखी सरकते. बिघडलेली वाळू चावल्यासारखी लागते. हनुवटीनंतर तळहातालाही समजू लागलं, म्हणजे गिऱ्हाइकासमोर तेवढी तरी अब्रू राहिली.

चष्मेवाला आला. दोन्ही कागद त्याच्यापुढे केले. वाचून म्हणाला, "मामा, इथे तर दोघेही..."

"बहिरे. बोला, लाजू नका."

"मग खूण कोणाच्या भरवशावर मारता?"

"टेबलाच्या. साहेब, तुमचा नियमच आंधळा आहे. तुम्ही कानाचा दाखला मागताय, पण मोटर काय माझ्या कानाने फिरते? खूण तपासा. मोटरी मिसळा, मध्ये टॉवेलचा पडदा धरा, कुत्रा घरी ठेवा, माझे कान बुजवा, कळ बाहेरून दाबा. मला फसवा. तपासा म्हणतात त्याला." त्या गाडीतल्या मुलीचंच वाक्य मी तिच्या बाजूने वापरलं. तिला कुठे भेटलीस तर सांग, बासरीवाल्याने नमस्कार सांगितलाय.

त्याने खरंच तसं केलं. मोटरी फिरवल्या, मध्ये दोनदा सगळ्याच चांगल्या लावल्या, ती त्याची शांतता. मी फुली मारली नाही. बिघडलेली लावली तेव्हा तिच्यावरच मारली. सगळं झाल्यावर तो उठला, इकडेतिकडे बघितलं, कोणी बघत नाही अशी खात्री केली आणि स्वतः टेबलाला हनुवटी टेकली. "लागतंय की!" म्हणाला.

आता नियम बदललाय. कानाच्या दाखल्याऐवजी खुणेची तपासणी, तो न सांगता येणार आणि मोटरी मिसळणार. शस्त्रक्रियेच्या खोल्यांच्या मोटरी मात्र यंत्रानेच तपासायच्या, यावर तो हटला नाही. मीही भांडलो नाही. टेबलावर निजलेल्या माणसाने माझ्या हनुवटीवर का विसंबावं? ते साबणाच्या वडीचं यंत्र घेतलंय. पोरांपैकी जो सगळ्यांत जास्त हसला होता त्याला शिकायला लावलंय.

बाकी सगळ्या मोटरींवर खडू चालतो आणि तो माझ्याच हातात आहे. जे म्हणत होते की मामाचे दिवस संपले, त्यांना सांग की मामाने कान गमावले, खडू नाही. फोरमन पुन्हा पायाशी झोपतो. आम्ही एकमेकांकडे बघत नाही, पण उठतो बरोबरच.

पोरांना सगळ्यांना बोळे सक्तीचे केलेत. बोलायचं तर बाहेर जाऊन बोलतात, त्यामुळे कामही वाढलं. मामी म्हणते, एक जोडी तिलाही पाठव, टीव्हीसाठी.

मामा

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात इस्पितळाचा माणूस आला. कपडे धुण्याच्या खोलीतली मोटर परत आली आहे, आजवरची पहिलीच. बेअरिंग गेलंय. खूण माझीच आहे.